मिक्स व्हॉइस म्हणजे नेमकं काय? वरच्या सुरात आवाज का चिरकतो आणि याचं उत्तर कोल्हापूरच्या गाण्यात कसं सापडतं?

गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो, मित्राच्या हळदीतला कराओके असो किंवा रात्री बारा वाजता मोबाईलसमोर केलेलं रेकॉर्डिंग असो. मुखडा झकास होतो. अंतऱ्यात सूर वर चढायला लागतो, मानेच्या शिरा फुगतात, हनुवटी वर जाते आणि नेमक्या मोक्याच्या जागी आवाज चिरकतो.

इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर या दुखण्यावर हमखास एकच औषध सांगितलं जातं. त्याचं नाव मिक्स व्हॉइस. सात दिवसांत मिक्स व्हॉइस शिका, एका ट्रिकमध्ये वरचा सूर लावा, अशा व्हिडिओंचा पाऊस पडतोय. ते बघून अनेकांना वाटतं की आपल्या गळ्यात कुठेतरी एक तिसरा, लपलेला आवाज आहे आणि तो सापडला की विषय संपला.

तर मुळात असा तिसरा आवाज असतो का? असेल तर तो कुठे असतो? आणि नसेल तर वरच्या पट्टीतली गाणी सहज गाणारे नेमकं काय करतात?

हे समजून घ्यायला कोल्हापूर ही चांगली जागा आहे. कारण १८९५ साली या शहरात राजाश्रयाला आलेल्या एका गवयाचा आवाज अतिगायनाने एकदा पूर्ण गेला होता. त्यानंतर त्याने जी गायकी उभी केली, त्या गायकीतला एक आवाज आज सूर्यमालेच्या बाहेर पोहोचलाय. पण तिथे जायच्या आधी थोडं गळ्यात डोकावू.

गळ्यात नेमकं काय हलतं?

गळ्याला हात लावला की जो उंचवटा लागतो, त्याच्या आत स्वरयंत्र असतं. त्यात दोन स्वरतंतू असतात. नाव तंतू असलं तरी ते तारेसारखे नसतात. त्या स्नायू आणि नाजूक आवरण यांच्या बनलेल्या दोन छोट्या घड्या असतात. त्यांची लांबी दीड-दोन सेंटिमीटरच्या आसपास. पुरुषांच्या थोड्या लांब आणि जाड, बायकांच्या थोड्या आखूड.

फुफ्फुसातून हवा वर आली की या घड्या एकमेकींवर आपटतात, उघडतात, पुन्हा आपटतात. सेकंदाला जितक्या वेळा हे घडतं तितकी त्या सुराची उंची. म्हणजे ४४० हर्ट्झचा सूर लावला तर एका सेकंदात ४४० वेळा उघडझाप. एक ओळ गाईपर्यंत हजारो वेळा.

आता सूर वर न्यायचा तर काय करायचं? या घड्या ताणायच्या. इथे दोन स्नायूंचं काम सुरू होतं.

पहिला स्नायू स्वरतंतूंच्या आतच असतो. त्याचं नाव थायरोअरिटेनॉइड. तो आवळला की घड्या आखूड आणि जाड होतात. पूर्ण जाडीने एकमेकींवर आपटतात. आवाज भरीव, ठसठशीत येतो. आपण बोलतो तो बहुतेक याच आवाजात. याला गाण्याच्या क्लासमध्ये चेस्ट व्हॉइस म्हणजे छातीचा आवाज म्हणतात.

दुसरा स्नायू स्वरयंत्राच्या बाहेरच्या बाजूला असतो. त्याचं नाव क्रायकोथायरॉइड. तो आवळला की घड्या लांब आणि पातळ होतात. मग फक्त त्यांच्या कडा एकमेकींना लागतात. आवाज हलका, बारीक येतो. याला हेड व्हॉइस म्हणजे डोक्यातला आवाज म्हणतात. पुरुष बाईचा आवाज काढून नक्कल करतात तेव्हा ते याच पद्धतीने बोलतात. त्याला फॉल्सेटो असंही नाव आहे आणि आपल्याकडे सरळ खोटा आवाज म्हणतात.

एक गोष्ट लक्षात घ्या. आवाज छातीतून किंवा डोक्यातून निघत नाही. दोन्ही वेळा तो त्याच दोन घड्यांमधून निघतो. फरक इतकाच की पहिल्या वेळी थरथर छातीत जाणवते आणि दुसऱ्या वेळी डोक्यात, कपाळात. नावं त्या जाणिवेवरून पडली.

मग चिरकतो का?

सोपं उदाहरण घ्या. गाडी घेऊन पन्हाळ्याचा घाट चढताय. चढ आला की गिअर बदलावा लागतो. क्लच नीट दाबून बदलला तर मागे बसलेल्याला कळतही नाही. पण एकाच गिअरमध्ये ओढत राहिलात तर इंजिन बोंब मारतं, आणि धसमुसळेपणाने बदललात तर गाडी आचका देते.

गळ्यात तेच होतं. सूर वर जाताना आतला स्नायू हळूहळू सैल व्हायला हवा आणि ताणणाऱ्या स्नायूने सूत्रं हातात घ्यायला हवीत. पण नवखा गायक काय करतो? भरीव आवाजच आवडतो म्हणून आतला स्नायू आवळून धरतो आणि वरून जोर लावतो. एका मर्यादेनंतर तो स्नायू अचानक हात टेकतो. घड्या एका झटक्यात पातळ होतात. आवाज टणकन उडी मारतो. त्यालाच आपण चिरकणं म्हणतो.

वयात येणाऱ्या मुलांचा आवाज मध्येच फुटतो तेव्हाही असंच काहीसं घडत असतं. स्वरयंत्र भराभर वाढतं आणि स्नायूंना नवा हिशोब जमायला वेळ लागतो.

आणि गंमत म्हणजे ही उडी काही जणांनी मुद्दाम मारून दाखवली. किशोर कुमार यांचं यॉडलिंग आठवा. भरीव आवाजातून पातळ आवाजात आणि परत, झटपट उड्या. यॉडलिंगमध्ये गिअर बदललेला लोकांना ऐकू यावा अशीच इच्छा असते. मिक्स व्हॉइसचा हेतू बरोबर उलटा असतो. गिअर बदलला हे कुणालाही कळता कामा नये.

हा सांधा नेमका कुठे येतो?

इथे एक माहिती अशी आहे जी बहुतेक रील्समध्ये सापडत नाही. भरीव आवाजाकडून पातळ आवाजाकडे जाण्याचा हा टप्पा पुरुष आणि बाई दोघांतही साधारण एकाच उंचीला येतो. ढोबळ मानाने ३०० ते ३५० हर्ट्झच्या आसपास. प्रत्येकाच्या गळ्याप्रमाणे थोडा पुढेमागे.

आता हे पेटीच्या पट्ट्यांवर मांडून बघू.

समजा एखादा मुलगा काळी एकमध्ये गातोय. त्याचा मध्य सप्तकातला सा येतो १३९ हर्ट्झच्या आसपास आणि तार सा २७७ च्या आसपास. तार सप्तकातला कोमल गंधार ३३० ला आणि शुद्ध गंधार ३४९ ला. म्हणजे त्याचा सांधा पडतो तार रिषभ-गंधाराच्या जागेत. अंतरा कुठे जातो? नेमका तिथेच. त्यामुळे मुलगे मुखड्यात राजे आणि अंतऱ्यात गारद, असं होतं.

आता समजा एखादी मुलगी काळी पाचमध्ये गातेय. तिचा सा २३३ हर्ट्झच्या आसपास. मध्यम ३११ ला, पंचम ३४९ ला. म्हणजे तिचा सांधा मध्य सप्तकातच, मध्यम-पंचमाच्या जवळ. त्यामुळे तिची तक्रार वेगळी असते. खालचे सूर ठसठशीत, पंचमाच्या वर गेलं की आवाज एकदम बारीक आणि हवेशीर. जणू दोन वेगळ्या मुली गातायत.

आणि हीच मुलगी काळी तीनमध्ये गायली तर? सा १८५ हर्ट्झला येतो आणि सांधा सरकतो धैवत-निषादाच्या जवळ, म्हणजे तार षड्जाच्या उंबरठ्यावर. गळा तोच, सांधा तोच, फक्त पट्टी बदलल्याने तो रागात वेगळ्या जागी पडला. जुने गुरू शिष्याची पट्टी ठरवण्यात इतका वेळ का घालवायचे, त्याचं एक उत्तर इथे आहे.

मग मिक्स व्हॉइस म्हणजे काय?

स्वरतंतू गाताना कसे हलतात हे पहिल्यांदा नीट पाहिलं मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गानशिक्षकाने. १८५४ साली त्याने दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घशात धरून आणि उन्हाचा कवडसा वापरून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. पुढच्या वर्षी त्याची निरीक्षणं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली गेली. आवाजाचे वेगवेगळे भाग हे वेगवेगळ्या यंत्रणेतून निघतात ही त्याची मांडणी आजच्या आवाजशास्त्राचा पाया मानली जाते.

आज आरशाच्या जागी दुर्बिणी आल्या आणि गळ्याला बाहेरून दोन पट्ट्या लावून स्वरतंतूंची उघडझाप मोजणारी यंत्रं आली. त्यांच्या मदतीने संशोधकांनी मिक्स व्हॉइस वापरणाऱ्या गायकांचा अभ्यास केला. त्यातून आलेली गोष्ट रील्सवाल्यांना फारशी आवडणार नाही. तिसरी यंत्रणा काही सापडली नाही. गायक कुठल्याही क्षणी एक तर जाड घड्यांच्या यंत्रणेत असतो किंवा पातळ घड्यांच्या.

मग ऐकू येतं ते काय? ऐकू येतो तो तोल. जाड यंत्रणेत असतानाही कसलेला गायक जोर कमी करतो, आवाज हलका करतो. पातळ यंत्रणेत गेल्यावर घड्या नीट मिटवून आणि तोंडाचा आकार बदलून आवाजाला भरीवपणा देतो. दोन्ही बाजूंनी रंग जुळत आणला की मधली रेघ पुसली जाते. त्या पुसलेल्या रेघेचं नाव मिक्स व्हॉइस.

म्हणजे मिक्स ही गळ्यातली एखादी खोली नसून दोन खोल्यांमधला उंबरठा न अडखळता ओलांडण्याची सवय आहे. आणि म्हणूनच ती सात दिवसांत येत नाही.

यात तोंडाचा आकार हा अर्धा खेळ आहे. स्वरतंतूंमधून निघालेला आवाज घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळीतून बाहेर येतो. या पोकळीचा आकार बदलला की आवाजाचा रंग बदलतो. त्यामुळे वरच्या सुरात सताड उघडा आ किंचित गोल केला, ऑकडे झुकवला, तर तोच सूर कमी जोरात लागतो. ई तसाच दाबून धरला तर गळा आवळतो, थोडा एकडे नेला तर सुटतो. श्रोत्याला शब्द तोच ऐकू येतो, गळ्याला मात्र मोठा फरक पडतो.

हे सगळं पाश्चात्त्यांचंच आहे का?

नाव पाश्चात्त्य आहे. प्रश्न जुना आहे आणि तो आपल्याकडेही विचारला गेलाय.

तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेव होते. त्यांनी लिहिलेला संगीतरत्नाकर हा भारतीय संगीतातला आधारग्रंथ. त्यात नादाची तीन स्थानं सांगितली आहेत. मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मूर्ध्नी म्हणजे मस्तकात. छातीचा आवाज आणि डोक्यातला आवाज ही नावं जिथून आली तीच ही जाणीव.

त्याच ग्रंथात आवाजाचे चार प्रकारही आहेत. खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक. मिश्रक हा शब्द वाचून कुणी म्हणेल की हाच तो मिक्स व्हॉइस. पण तसं नाही. तिथली विभागणी कफ, पित्त, वात यांच्या आधाराने केलेली आहे आणि मिश्रक म्हणजे त्या गुणांचं मिश्रण. दोन्ही गोष्टी एक आहेत असं फॉरवर्ड तुम्हाला आलंच, तर पुढे पाठवू नका.

पण आवाज तिन्ही सप्तकांत एकसंध हवा ही अपेक्षा मात्र आपल्या गाण्यात कायम होती. सांध्यावर पातळ होऊन निसटणाऱ्या आवाजाला आपल्याकडे चोरटा आवाज म्हणतात आणि ते काही कौतुकाने नाही.

कोल्हापूरचा संबंध काय?

१८९४ साली राजर्षी शाहू महाराज गादीवर आले. त्यांच्या काळात कोल्हापुरात कुस्तीला, नाटकाला, चित्रकलेला आणि गाण्याला मोठा आश्रय मिळाला. १८९५ साली इथे दरबारी गायक म्हणून आले उस्ताद अल्लादिया खाँ. जन्म १८५५ चा, म्हणजे गार्सियाची निरीक्षणं लंडनमध्ये वाचली गेली त्याच वर्षीचा.

खाँसाहेब तरुणपणी राजस्थानात गात असताना आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात गेले होते. तिथे त्यांना दिवसचे दिवस, तासन् तास गावं लागलं. गळ्याने हात टेकले. आवाज गेला. तो परत यायला मोठा काळ लागला आणि आला तो पूर्वीसारखा आला नाही. आधीचा चपळ, गोड आवाज संपला होता. हाती राहिला तो भारी, जरा जड आवाज.

गवयाचा आवाज जाणं म्हणजे पैलवानाचा खांदा निखळण्यासारखं. बरेच जण तिथेच संपतात. अल्लादिया खाँ यांनी उरलेल्या गळ्याला झेपेल अशी गायकी नव्याने बांधली. मोकळा आकार, लयीच्या अंगाने पुढे सरकणारी फिरत, एका स्वरातून दुसऱ्यात वळणं घेत जाणारी तान, अनवट राग. यातून जे घडलं ते जयपूर-अत्रौली घराणं. नावात राजस्थान आणि उत्तर प्रदेश असले तरी हे घराणं रुजलं आणि बहरलं ते कोल्हापुरात आणि पुढे मुंबईत. १९२२ साली शाहू महाराजांचं निधन झालं आणि त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले.

या घराण्यात मिक्स व्हॉइस हा शब्द कुणी वापरला नाही. पण शिष्याकडून अपेक्षा असायची ती मोकळ्या आकारात, आवाज न चोरता, खालपासून वरपर्यंत एका वजनाने गाण्याची. सांधा दिसता कामा नये, ही तीच अट.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सूरश्री केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावात १८९२ साली जन्म. लहानपणी कुटुंबासोबत कोल्हापूरला आल्या आणि इथे काही महिने उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या. पुढे १९२१ पासून त्यांनी अल्लादिया खाँ यांची तालीम घेतली.

आता या दोन गुरूंचे आवाज शेजारी ठेवा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, ज्यांचं पुढचं आयुष्य मिरजेत गेलं. बारीक, कमालीचा गोड, वरच्या पट्टीतला आवाज. जुन्या तबकड्यांवर तो आजही ऐकता येतो. दुसरीकडे अल्लादिया खाँ यांची वजनदार, मोकळ्या आकाराची गायकी. कोल्हापूर आणि मिरज यांच्यात अंतर पन्नासेक किलोमीटर. त्या पन्नास किलोमीटरमध्ये आवाज लावण्याच्या दोन टोकाच्या पद्धती नांदत होत्या आणि दोन्ही थोर होत्या. वरचा सूर लावायची एकच बरोबर पद्धत असते, असं सांगणाऱ्याला हे उदाहरण पुरेसं आहे.

केसरबाईंचा आवाज ऐकला तर पहिली गोष्ट जाणवते ती त्याची खालची पट्टी आणि भरीवपणा. वर जाताना तो पातळ होऊन सुटत नाही. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांसोबत पृथ्वीवरच्या निवडक आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. त्यात भारतातलं एकच गाणं आहे आणि ते केसरबाईंनी गायलेली भैरवी आहे. लांबी जेमतेम साडेतीन मिनिटं. हेडफोन लावून ऐका आणि आवाज कुठे बदलला ते शोधायचा प्रयत्न करा.

कोल्हापूरची साखळी इथे थांबली नाही. अल्लादिया खाँ यांचे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरात शिकवत राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. कोल्हापुरात १९२७ साली जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी आधी भूर्जी खाँ यांच्याकडे आणि पुढे केसरबाईंकडे शिकल्या. केसरबाईंनी फारच थोड्यांना शिकवलं, त्यातल्या त्या एक.

माइक आला आणि हिशोब बदलला

मिक्स व्हॉइस आज इतका का गाजतोय, त्याचं एक कारण माइकमध्ये आहे.

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले आठवा. १८९० चा जन्म, १९०८ साली ललितकलादर्श ही नाटक कंपनी सुरू केली आणि १९२१ साली, अवघ्या ३१ व्या वर्षी गेले. उंच पट्टीतला बुलंद आवाज ही त्यांची ओळख. त्या काळी थिएटरात माइक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पद पोहोचवायचं तर गळ्यातूनच पोहोचवावं लागे. पातळ आवाज मागच्या रांगेपर्यंत जायचाच नाही. शाहिराचंही तेच. डफावर थाप मारून मैदानात गाणाऱ्याला हळुवार वरचा सूर परवडत नाही.

माइक आला तसं हळू गाऊनही सगळ्यांना ऐकू जाऊ लागलं. मग वरचा सूर कुजबुजीसारखा लावता येऊ लागला. सिनेमाच्या गाण्यातला हलका, तरंगता वरचा आवाज या बदलातून आला. लता मंगेशकर यांनी सुरुवातीच्या काळात कोल्हापुरातच मास्टर विनायक यांच्या कंपनीत काम केलं होतं. त्यांचा वरच्या सप्तकातला हलका, स्वच्छ आवाज पुढे सिनेसंगीताचा मापदंड बनला.

आज आपण दोन्ही ऐकतो. एकीकडे अजय गोगावले यांची लोकसंगीताच्या बाजाची, वरच्या पट्टीतली दणदणीत गाणी. दुसरीकडे इयरफोनमध्ये कानाशी येऊन गाणारे हळुवार आवाज. आणि मोबाईलसमोर गाणारा मुलगा दोन्हींची नक्कल एकाच गळ्याने, एकाच जोरात करायला जातो. तिथे गडबड होते. स्टुडिओत ते गाणं गायकाच्या पट्टीत बांधलेलं असतं, अनेक टेकमधून निवडलेलं असतं. तुमची पट्टी वेगळी असू शकते.

मग शिकायचं कसं?

शॉर्टकट नाही, पण दिशा आहे. शिकवणारे साधारण या गोष्टी सांगतात.

पहिलं, पट्टी बदला. कराओके ॲपमध्ये सूर खाली-वर करायचं बटण असतं. दोन पट्ट्या खाली घेतल्याने कुणी छोटा होत नाही.

दुसरं, आवाज कमी करा. सांधा ओलांडताना जितका जोर कमी तितकं काम सोपं. तंबोऱ्याचं ॲप लावा. मध्यमापासून तार षड्जापर्यंत हळू आवाजात, न तोडता, मींड घेतल्यासारखे सरकत जा आणि तसेच खाली या. जिथे आवाज अडखळतो तिथे जोर न लावता त्याच जागेवरून दहा वेळा ये-जा करा.

तिसरं, ओठ मिटून भुर्र करत सूर फिरवा. लहान मुलं गाडी चालवताना काढतात तसा आवाज. किंवा स्ट्रॉमधून हुंकार भरत वर-खाली जा. तोंडाची वाट अरुंद झाली की मागे हवेचा हलका दाब तयार होतो आणि स्वरतंतूंना कमी आपटत थरथरायला मदत होते. आवाजाचे थेरपिस्टही हा व्यायाम वापरतात.

चौथं, वरून खाली या. बहुतेक जण खालचा भरीव आवाज वर ओढत नेतात. उलट करा. वरचा हलका आवाज धरून खाली उतरा. त्यामुळे पातळ यंत्रणेला बळ येतं आणि सांधा दोन्ही बाजूंनी ओळखीचा होतो.

पाचवं, रेकॉर्ड करून ऐका. गाताना स्वतःच्या हाडांतून ऐकू येणारा आवाज फसवतो. हलका सूर गाणाऱ्याला अशक्त वाटतो, पण रेकॉर्डिंगमध्ये तो बरोबर भरीव निघतो.

आणि हे सगळं कुणा जाणत्याच्या कानाखाली झालं तर उत्तम. व्हिडिओ तुम्हाला सांगू शकतो, तुमचं ऐकू शकत नाही.

कधी थांबायचं?

मिक्स व्हॉइस शिकताना दुखत असेल तर काहीतरी चुकतंय. गाण्याने गळा दुखणं हा रियाजाचा पुरावा नाही.

सतत जोर लावून गायलं की स्वरतंतूंच्या आपटणाऱ्या कडांना सूज येते. तसंच रेटत राहिलं तर तिथे छोट्या गाठी तयार होतात. हाताला घट्टे पडतात तसंच. मग घड्या नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो. सुरुवातीला विश्रांती आणि व्हॉइस थेरपीने अनेकदा फरक पडतो, म्हणून वेळ महत्त्वाची.

आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही, वरचे सूर अचानक लागेनासे झाले, गाताना किंवा बोलताना दुखायला लागलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. हळद-दूध आणि काढा घ्यायला हरकत नाही, पण त्याने स्वरतंतू दिसत नाहीत. ते दुर्बिणीतूनच दिसतात. आणि मिरवणुकीत रात्रभर घोषणा देऊन दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात गायचा बेत असेल, तर त्यातलं एक काहीतरी सोडा.

अल्लादिया खाँ यांच्या काळात दरबारात नाही म्हणायची सोय फारशी नव्हती. त्यांचा गेलेला आवाज जसा होता तसा परत आला नाही. त्यातूनही त्यांनी जे उभं केलं ते अफाट होतं, पण ते प्रत्येकाला जमेल याची खात्री नाही. आज आपल्याकडे नाही म्हणायची सोय आहे. पट्टी खाली घ्यायचं बटण तर मोबाईलवरच आहे.